काडतुसावरचा ओरखडा

बोल्ट पुढे जाईना, की माणूस काय करतो? तळहात उघडतो आणि बोल्टच्या मुठीवर एक दणका देतो. नवा शिपाई देतो, मुरलेला हवालदारही देतो. माझी सारी नोकरी पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात आर्मोरर म्हणून झाली. गोळीबार सरावाच्या वेळी बटावर, म्हणजे चांदमारीच्या मैदानावर, ज्या अडलेल्या रायफली माझ्या हातात यायच्या, त्यांतल्या बहुतेकींवर हा दणका आधीच पडलेला असायचा. दणक्यानं कधीकधी काडतूस आत जातंही, आणि खरं नुकसान तिथंच होतं. काय अडत होतं ते कळायची संधी गेली. दोन बारांनंतर तीच रायफल पुन्हा अडते, आणि मग सगळे मिळून काडतुसांच्या पेटीला शिव्या घालतात.

काडतूस दोषी असतं, नाही असं नाही. पण क्वचित. अडलेलं काडतूस अलगद बाहेर काढून उजेडात धरा. पितळेवर किंवा गोळीच्या टोकावर एक ताजा ओरखडा दिसेल. ते कुठं घासलं, कशाला आपटलं, सगळं त्या ओरखड्यात असतं. आधी तो नीट पाहायचा. पक्कड आणि कानस त्यानंतर.

मी बोलतोय ते थ्री नॉट थ्रीबद्दल. पोलीस चौकीच्या दारात उभ्या शिपायाच्या खांद्यावर आणि एनसीसीच्या कवायतीत जी लाकडी अंगाची, जाड नाकाची रायफल आपण पाहत आलो, ती. मूळ यंत्रणा जेम्स पॅरिस ली या माणसाची. जन्म स्कॉटलंडचा, वाढला कॅनडात. बोल्टच्या खाली पत्र्याची डबी बसवायची, तिच्यात काडतुसं एकावर एक रचायची आणि बोल्टनं वरचं काडतूस पुढे ढकलायचं, या कल्पनेचं पेटंट त्यानं १८७९ मध्ये घेतलं. ब्रिटिश फौजेनं १८८८ मध्ये ही यंत्रणा घेतली, १८९५ मध्ये तिची ली-एनफिल्ड झाली आणि १९०७ मध्ये तिचा मार्क ३ आला. आपल्याकडच्या बहुतेक थ्री नॉट थ्री याच घराण्यातल्या. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात स्वातंत्र्यानंतरही त्या बनत राहिल्या. काडतुसं मात्र आपल्या घरची, खडकीची. जुन्या पुंगळीच्या बुडावर इंग्रजी के आणि एफ ही अक्षरं दिसली, की ती खडकीची समजायची.

आता मॅगझिन. बघायला गेलं तर त्यात काहीच नाही. पत्र्याची डबी, तिच्यात नागमोडी पट्टीची स्प्रिंग, स्प्रिंगवर एक प्लॅटफॉर्म, आणि डबीच्या तोंडाशी आत वळवलेल्या कडा. या कडांना आम्ही लिप्स म्हणतो. दहा राउंड दोन रांगांत, एक डावीकडे एक उजवीकडे असे बसतात. स्प्रिंग वर ढकलते, कडा अडवून धरतात. बोल्ट मागे घेऊन पुढे सारला, की त्याच्या डोक्याची खालची धार वरच्या काडतुसाच्या रिमला मागून लागते आणि काडतूस पुढे सरकतं. गोळीचं टोक उतारावरून चेंबरच्या तोंडात शिरतं, मग कडा त्याला सोडतात, आणि अगदी शेवटी, बोल्ट पुरता पुढे गेल्यावर, एक्स्ट्रॅक्टरचा आकडा रिमवर खटकन बसतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. कडा जरा पसरल्या, जरा दबल्या, डबी केसभर खाली बसली, की क्रम मोडला. आणि पत्रा तो केवढा! खोलीतल्या फरशीवर मॅगझिन एकदा तोंडावर पडलं तरी पुरतं.

बऱ्याच जणांना वाटतं, की मॅगझिन निघतं म्हणजे ते एके-४७ सारखं बदलायला दिलंय. तसं नाही. या रायफलीचं मॅगझिन लढताना काढायचंच नसतं. वरून, बोल्ट मागे घेऊन, पाच-पाच राउंडच्या चार्जरनं, म्हणजे काडतुसं धरणाऱ्या पत्र्याच्या पट्टीनं, ते भरायचं. दोन चार्जर म्हणजे दहा. डबी काढायची ती साफसफाईला. त्यामुळे एका कारखान्यातून निघालेलं प्रत्येक मॅगझिन प्रत्येक रायफलीत सारखंच चालेल, असं कुणी धरलेलं नव्हतं. ज्या रायफलीला जे बसवून, चालवून पाहिलं, ते तिचं. आणि मुख्यालयात काय व्हायचं? तपासणीच्या आदल्या दिवशी पंधरा-वीस रायफली एका सतरंजीवर उघडायच्या, मॅगझिनांचा एक ढीग, बोल्टांचा दुसरा ढीग, चहा यायचा, गप्पा व्हायच्या, आणि जोडताना ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं बसवलं. बोल्टवर नंबर असतो म्हणून तो निदान सापडतो. मॅगझिनवर पुष्कळदा नसतो. आमच्याकडे मी प्रत्येक मॅगझिनच्या पाठीवर रायफलीचा नंबर पांढऱ्या रंगानं घालून घेतला होता. दिसायला वाईट दिसायचं, त्यावरून बोलणीही ऐकली. पण बटावरच्या तक्रारी उतरल्या.

ओरखड्यांकडे येण्याआधी एक गोष्ट सांगणं भाग आहे. एक काडतूस चेंबरमध्ये आहे आणि मागून दुसरं येऊन अडलंय, अशी अवस्था झाली तर दणका जिवावर बेतू शकतो. थ्री नॉट थ्रीची मार्क ७ गोळी टोकदार आहे. मागच्या काडतुसाचं ते टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, म्हणजे नेमकं बार पेटवणाऱ्या टोपीवर टेकलेलं असतं. बोल्ट बंद नाही, लॉक नाही, आणि तुम्ही तळहातानं ठोकताय. टोपी पेटली तर पितळ मागे, तुमच्या तोंडावर फुटेल. म्हणून रोक आली, म्हणजे रायफल अडली, की नळी बटाकडे, बोट चापापासून लांब, आणि पहिली हालचाल मागे. पुढे कधीच नाही. मागे घेऊन मॅगझिन उतरवायचं, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं, मग करंगळी घालून खात्री करायची.

आता काडतूस हातात घ्या.

ओरखडा मुळीच नसेल, तर तेही उत्तरच आहे. बोल्ट काडतुसाच्या डोक्यावरून रिकामा निघून गेला. त्यानं त्याला शिवलंच नाही. म्हणजे काडतूस असायला हवं त्यापेक्षा खाली होतं. मॅगझिन नीट बसलंय का, हे आधी बघायचं. चापाच्या कमानीत आतल्या बाजूला मॅगझिनचा खटका आहे. तो पुरता लागला नाही, की डबी लोंबते. अंगठ्यानं डबी वर दाबून धरा आणि बोल्ट चालवा. काडतूस आलं तर दोष खटक्याचा किंवा डबीच्या खाचेचा, दोन्हींपैकी जे झिजलं असेल त्याचा. तरीही आलं नाही तर स्प्रिंगकडे जा. प्लॅटफॉर्म बोटानं खाली दाबायचा आणि सोडायचा. तो कुठंही न अडखळता, न कलंडता वर आला पाहिजे. मध्येच थांबला तर डबीत घाण आहे किंवा डबीची भिंत आत चेपली आहे. डबीच्या पोटाला लागलेला छोटा पोचा बाहेरून दिसत नाही. उघड्या डबीत तिरपा उजेड टाकला, की लगेच दिसतो. तो पोचा कधी लागला हे कुणालाच माहीत नसतं, अर्थातच.

गोळीच्या टोकावर, खालच्या अंगाला खरचटलेलं किंवा चेपलेलं दिसलं, तर काडतुसानं नाक खाली घातलंय. मागून रिम वर आली, पण पुढचं टोक वर आलं नाही, आणि ते डबीच्या पुढच्या भिंतीला किंवा चेंबरच्या खालच्या काठाला आपटलं. मार्क ३ च्या प्लॅटफॉर्मखाली पुढच्या बाजूला एक छोटी जोडस्प्रिंग असते, ती नाक उचलून धरायला. ती मोडली, वाकली किंवा साफसफाईत उलटसुलट झाली, की हा ओरखडा हमखास. डबीच्या पुढच्या कडा उघडल्या किंवा दबल्या असतील तरी असंच होतं. यात फसवणारी गोष्ट अशी, की भरलेल्या मॅगझिनचे पहिले राउंड झकास जातात, कारण स्प्रिंग पूर्ण दाबलेली असते आणि तिच्यात जोर असतो. शेवटचे दोन-तीन राउंड आले, की नाक खाली. शिपाई म्हणतो, ‘साहेब, आत्ता तर बरी चालत होती.’ तो खोटं बोलत नसतो. म्हणून कितवा राउंड अडला, हे विचारायचंच. सुरुवातीचे अडतात की शेवटचे, यावर निम्मं निदान होतं.

पितळेच्या अंगावर लांबलचक सरळ रेघ असेल आणि बोल्टला जोर लागत असेल, तर मागच्या कडा दबल्यात किंवा त्यांना आतून कंगोरा आलाय. उलट, बोल्ट मागे घेताच दोन काडतुसं एकदम उसळून वर येत असतील, तर कडा पसरल्यात. कडांना हात लावायचा तो माहितीच्या माणसानंच. अर्धा मिलिमीटर वाकवायचं असतं, आणि पकडीला अर्धा मिलिमीटर म्हणजे काय ते कळत नाही. एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवलेला पत्रा तडकतो, मग ते मॅगझिन भंगारात.

यापुढचा दोष फक्त रिमवाल्या काडतुसांचा, आणि थ्री नॉट थ्रीत तोच मला सर्वांत जास्त भेटला. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेला काठ आहे, तीच रिम. पुंगळीच्या अंगापेक्षा ती जास्त रुंद असते, म्हणून काडतूस चेंबरमध्ये जास्त आत न जाता रिमवर टेकतं. १८८८ मध्ये ही सोय होती. पण रिमवाली काडतुसं एकावर एक रचली, की पंचाईत. दोन काडतुसं हातात घेऊन बघा: वरच्याची रिम खालच्याच्या रिमपुढे असेल, तर वरचं पुढे सहज सरकतं. वरच्याची रिम खालच्याच्या मागे गेली, की वरचं पुढे जाताना खालच्याच्या रिमला अडकतं आणि त्यालाही ओढू लागतं. दोघं मिळून पुढे जातात आणि दोघंही अडतात. अशा काडतुसाच्या रिमच्या पुढच्या तोंडावर चंद्रकोरीएवढी चमकदार खूण सापडते. ती दिसली, की मॅगझिन निर्दोष. दोष भरणाऱ्या हाताचा.

चार्जर भरायचीसुद्धा एक रीत ठरलेली आहे. पाचांपैकी कडेच्या दोन आणि मधल्या अशा तीन राउंडच्या रिम खाली, उरलेल्या दोघांच्या वर. त्यामुळे चार्जर उलटासुलटा कसाही लावला तरी तीच रचना मिळते आणि घाईत, अंधारातही चूक होत नाही. अंगठा काडतुसाच्या बुडाशी, चार्जरच्या जवळ ठेवायचा आणि एका दमात खाली दाबायचं. गोळीच्या बाजूला दाबलं तर मागचं बूड वर राहतं आणि सगळा थर वाकडा बसतो. ही रीत ज्यांनी शिकवली ते उस्ताद निवृत्त झाले, चार्जर गंजले, हरवले, आणि लोक सुटे राउंड हातानं भरू लागले. सुटे भरायला हरकत नाही. फक्त प्रत्येक नव्या काडतुसाची रिम आधीच्याच्या पुढे पडतेय ना, हे बघायचं. बंदोबस्ताच्या गाडीत बसता-बसता, गप्पा मारता-मारता भरलेलं मॅगझिन मी उघडून पाहायचो, त्यात एखादी तरी रिम मागे असायचीच.

हाताचा दुसरा दोष याहून बारीक आहे, आणि तो समजायला यंत्रणेतला एक फरक माहीत हवा. जर्मन माउझरच्या १८९८ च्या रायफलीत एक्स्ट्रॅक्टरचा मोठा आकडा काडतूस मॅगझिनमधून सुटताच त्याला धरतो आणि चेंबरपर्यंत हात धरून नेतो. ली-एनफिल्डमध्ये बोल्ट काडतुसाला नुसता ढकलतो. आकडा बसतो तो शेवटच्या क्षणी. म्हणजे बोल्ट जवळपास पुढे नेऊन, बंद न करता, शिपायानं पुन्हा मागे ओढला, तर काडतूस चेंबरमध्येच राहतं. बोल्ट एकटा परत येतो आणि पुढच्या फेरीला दुसरं काडतूस घेऊन जातो. मघाशी सांगितलेली धोक्याची अवस्था ती हीच. कुणीतरी मध्येच हाक मारली, ‘थांब’ असा हुकूम आला, हात दचकला, एवढ्यावर ती तयार होते. तसंच बोल्ट मागे अर्ध्यावरच आणून पुढे सारणं. या रायफलीच्या बोल्टची मूठ थोडीच उचलावी लागते, धाव आखूड आहे, म्हणून ती जलद चालते. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाला तीनशे यार्डांवरच्या निशाणावर एका मिनिटात पंधरा नेमके बार काढायला लावत. पण आखूड धाव म्हणजे अर्धी धाव नव्हे. बोल्ट मागे थांबेपर्यंत ओढायचा. सावकाश चालवणारा माणूस रायफल जास्त अडवतो, हे नव्यांना पटत नाही. भीतभीत, जपून बोल्ट चालवला, की पुंगळी बाहेर फेकली जात नाही, तिथंच लोळते आणि पुढच्या काडतुसाच्या वाटेत येते.

तर एवढ्या शक्यता असताना सुरुवात कुठून करायची? माझी पद्धत कंटाळवाणी होती. आधी त्याच रायफलीत दुसरं, चालू असलेलं मॅगझिन घालायचं. दोष गेला तर तो मॅगझिनमध्ये, राहिला तर रायफलीत. मग तेच संशयित मॅगझिन दुसऱ्या रायफलीत. त्यानंतर माणूस बदलायचा, कारण रायफल, मॅगझिन, काडतुसं तीच आणि हात दुसरा, एवढ्यानंच पुष्कळ दोष नाहीसे होतात. हे सगळं ड्रिल काडतुसांवर. खऱ्या राउंडवर शस्त्रागारात बोल्ट चालवायचा नाही, काहीही झालं तरी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्प्रिंगही बदलली, कडाही वाकवल्या, तेलही दिलं आणि रायफल चालली, तर कशानं चालली ते कुणी सांगावं?

दोष भलतीकडेच निघाल्याचं मोठं उदाहरण इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांकडे रॉस रायफल होती, याच थ्री नॉट थ्री काडतुसाची. १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत तिचे बोल्ट असे घट्ट बसू लागले, की सैनिक बुटानं लाथ मारून ते उघडत, आणि पडलेल्या ब्रिटिश सैनिकाची ली-एनफिल्ड दिसली की आपली टाकून ती उचलत. चिखलाला दोष दिला, ब्रिटिश काडतुसांना दिला, आणि दोन्हींत तथ्य होतं. पण आणखी एक कारण होतं. बोल्ट मागे ओढला, की त्याचा मागचा दाता बोल्ट थांबवणाऱ्या तुकड्यावर आपटायचा, आपटून-आपटून चेपायचा, आणि चेपलेला दाता खाचेत नीट जात नव्हता. पुढे तो तुकडा मोठा केला, चेंबर सैल केलं. तोवर रायफलीवरचा विश्वास उडाला होता. १९१६ मध्ये ती आघाडीवरून मागे घेतली.

तेलाबद्दलही लोकांच्या डोक्यात घोळ आहे. रायफल अडली की घाल तेल! मॅगझिनच्या आत घट्ट तेल किंवा ग्रीस गेलं, की त्यावर मैदानाची धूळ बसते आणि प्लॅटफॉर्म चिकटतो. डबी कोरड्या चिंदीनं पुसायची, मग तेलाचं बोट लावलेल्या चिंदीनं एकदा, बस. पावसाळ्यात कोकणाकडच्या ठाण्यांतून येणाऱ्या रायफलींची स्प्रिंग गंजलेली निघायची. तिथं तेल थोडं जास्त लागतं, पण पुसणंही जास्त वेळा लागतं. काडतुसाला मात्र तेल कधीच नाही. बार झाला की पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना क्षणभर धरते आणि मागचा ताण थोडा स्वतः झेलते. तेलकट पुंगळी धरत नाही, आणि सगळा ताण बोल्टवर येतो. ली-एनफिल्डच्या बोल्टचे लॉक मागच्या बाजूला आहेत, तिला हा जास्तीचा ताण सोसवत नाही. नव्या रायफलीची ताकद अजमावताना कारखान्यात मुद्दाम तेल लावलेलं काडतूस उडवत, यावरून काय ते समजा.

चीन युद्धानंतर ईशापूरनं याच ढाच्यावर ७.६२ ची रायफल काढली. तिचा पुढचा प्रकार म्हणजे टू ए वन. तिचं काडतूस रिमवालं नाही, मॅगझिन बारा राउंडचं आणि चौकोनी. ती हातात आली तेव्हा रिमच्या भानगडीतून सुटलो, याचं मला मनापासून सुख झालं. बाकीचे दोष तेच राहिले, कारण डबी पत्र्याचीच आणि हातही तेच.

पोलिसांच्या हातून थ्री नॉट थ्री आता गेल्यातच जमा आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तिच्यावर खूप बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं; इन्सास, कार्बाइन आणि एके-४७ समोर ती जुनीच. पण तिची धाकटी बहीण अजून घराघरांत आहे. ईशापूरचीच पॉइंट थ्री वन फाइव्ह स्पोर्टिंग रायफल. यंत्रणा ली-एनफिल्डची, काडतूस रिमवालं, मॅगझिन पाच राउंडचं. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली, तरी पीक राखण्यासाठी किंवा स्वसंरक्षणासाठी परवाने घेतलेले शेतकरी, बागायतदार ती बाळगून आहेत. वापर वर्षातून एखादा बार, तोही कधी नाही. निवृत्तीनंतर माझ्याकडे अशी मंडळी विचारायला येतात. मी बघून, ऐकून सांगतो. दुरुस्ती करत नाही, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि माझ्याकडे तो नाही. ज्याच्याकडे तो परवाना आहे अशा कारागिराकडे पाठवतो. पण तिथं जाण्याआधी कितवा राउंड अडला, ओरखडा कुठं आहे, मॅगझिन वर दाबल्यावर काय होतं, एवढं लिहून न्या म्हणतो, आणि अडलेलं काडतूस वेगळ्या पुडीत.

या मंडळींच्या तक्रारींत मला एक नवीच गोष्ट सापडली. ‘गेल्या वर्षापर्यंत बरी होती’, असं सांगणाऱ्यांना मी विचारतो, मध्ये निवडणूक झाली का? निवडणुकीच्या काळात पुष्कळांना परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. तिथं एकाच खोलीत एकसारख्या पॉइंट थ्री वन फाइव्ह ओळीनं उभ्या असतात, कधी मॅगझिनं काढून वेगळी ठेवलेली असतात. परत देताना रायफलीचा नंबर रजिस्टरशी ताडून बघतात. मॅगझिनला नंबरच नाही, तर ताडायचं काय? गावी दोन भावकीतले शेजारी एकमेकांची मॅगझिनं घेऊन घरी गेलेले मी पाहिलेत, आणि त्यांचं आपसात बोलणं नसल्यानं ती बदलून घ्यायला त्यांना दुसरी निवडणूक लागली. तेव्हा जमा करण्याआधी मॅगझिनच्या पाठीवर रायफलीचा नंबर रंगानं घाला, आणि पावतीवर ‘मॅगझिनसह, नंबर अमुक’ एवढं लिहून मागा. ठाणे अंमलदार कुरकुर करेल, पण लिहून देईल.